तीन घरं, नऊ फेऱ्या

भाचीने तक्ता पाठवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सोबत एकच ओळ होती: "मामा, उद्या टोकन देतोय, एकदा नजर टाक."

तक्ता नीटनेटका होता. तीन घरं, दहा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. उजेड, हवा, पाणी, खोल्यांचा आकार, स्वयंपाकघर, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर, शेजार, इमारतीची अवस्था, किंमत आणि शेवटी 'मनाला कसं वाटलं'. घरांना नावंही भाची आणि जावयांनीच दिली होती. बेरीज अशी: उजेडाचं घर ७८, नवं घर ७४, जुनं घर ६३.

मी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात २६ वर्षं आहे. घरं विकत घेतल्यानंतर काय निघतं ते पाहत आलोय, त्यामुळे कोणी टोकनचं नाव काढलं की मला आधी काळजी वाटते. तक्ता पाहताना एका रकान्यावर अडकलो. उजेड: ९, ८, ४. लगेच फोन लावला.

"जुन्या घराला उजेडाचे चार गुण दिलेस, ते घर पाहिलंस कधी?"

"त्या दिवशी पाऊस होता रे. संध्याकाळ झाली होती, त्यात दिवे गेलेले."

"आणि ज्याला नऊ दिलेस ते?"

"रविवारी सकाळी दहाला." थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "अच्छा."

उजेडाचा रकाना घरांबद्दल कमी आणि त्या त्या दिवसाच्या आभाळाबद्दल जास्त बोलत होता. पाण्याचंही तेच. एका घरी नळ सोडून पाहिला होता, दुसऱ्या घरी मालक "पाण्याची चिंताच नको" म्हणाले म्हणून आठ गुण, तिसऱ्या घरी विचारायचंच राहून गेलं म्हणून मधले पाच. तरीही खाली बेरीज होती आणि त्या बेरजेवर वीस वर्षांचं कर्ज उभं राहणार होतं. मी म्हटलं, उद्या काही देऊ नका, मला पंधरा दिवस द्या.

जावई फोनवर आले. "मामा, तुम्ही म्हणता ते पटतंय. पण एजंट म्हणतात, दुसरी पार्टी उद्याच येणार आहे."

"येऊ द्या," मी म्हटलं. "घर गेलं तर दुसरं शोधू. चुकीचं गळ्यात पडलं तर ते काढता येत नाही."

हे बोलणं सोपं होतं, ऐकणं त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. सात महिने ते सुट्टीच्या दिवशी घरंच पाहत होते. एकोणीस घरं झाली होती. इतकं फिरल्यावर माणसाला शोध संपायला हवा असतो, आणि जे घर समोर असेल त्यातच तो संपवावासा वाटतो.

न घेतलेल्या घराने केलेलं काम

खऱ्या रकमा इथे देत नाही. उजेडाच्या घराची मागितलेली किंमत १०० धरली, तर नव्याची १०४ आणि जुन्याची ९२ होती.

नव्या घराकडे जावयांचा ओढा जास्त होता. कारण विचारलं तर म्हणाले, "फक्त दोन जास्त देऊन केवढा फरक पडतो!" दोन जास्त? कशापेक्षा? तेव्हा कळलं, की त्याच इमारतीतलं आणखी एक घर त्यांना आधी दाखवलं होतं. मोजमाप तेच, दोन मजले खाली, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि किंमत १०२. ते घर दोघांनी तिथल्या तिथे नाकारलं, म्हणून ते तक्त्यात आलंच नव्हतं.

पण मनातल्या तुलनेत ते घर ठाण मांडून बसलं होतं. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर प्यूटो या संशोधकांनी १९८२ साली हे दाखवून दिलं होतं: दोन पर्यायांमध्ये तिसरा असा आणून ठेवला, की जो त्यातल्या एकापेक्षा उघडच कमी आहे, तर तो तिसरा फारसं कोणी घेत नाही, पण ज्याच्याशेजारी तो कमी दिसतो त्याच्याकडे लोक जास्त वळतात. एजंटने हे ठरवून केलं असो वा नसो, परिणाम तोच. १०४ची तुलना ९२शी व्हायला हवी होती. होत होती १०२शी.

म्हणून पहिली गोष्ट आम्ही ही केली: भिंतीसमोरचं घर बोलण्यातूनही बाद. पुढचे पंधरा दिवस त्याचा उल्लेख करायचा नाही, असं ठरवूनच टाकलं.

टेप आणि वर्तमानपत्रं

दुसरी गोष्ट मोजणीची. जाहिरातीत सांगितलेलं क्षेत्र असं होतं: उजेडाचं ९३० चौरस फूट, नवं १,०४०, जुनं ८५०. या आकड्यांनी किंमतीला भागलं आणि जुन्या घराचा दर १०० धरला, तर उजेडाच्या घराचा ९९ येतो आणि नव्याचा ९२. म्हणजे नवं घर सगळ्यांत महाग असूनही दराने सगळ्यांत स्वस्त. त्यांच्या तक्त्यात 'किंमत' या निकषात नव्या घराला म्हणूनच जास्त गुण होते.

मी टेप घेऊन गेलो. भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत, प्रत्येक खोली, प्रत्येक बोळ. भाचीने वहीत लिहिलं, जावयांनी टेपचं दुसरं टोक धरलं. पायाखाली येणारी जागा निघाली ती अशी: उजेडाचं ६९०, नवं ७०२, जुनं ७३५. जे घर कागदावर सगळ्यांत लहान होतं तेच आतून सगळ्यांत मोठं. जुन्याचा दर पुन्हा १०० धरा: उजेडाचं ११६, नवं ११८. क्रम पार उलटा झाला. कोणी खोटं बोललं होतं असं नाही. एकाने जिना, लॉबी, भिंतींची जाडी यांचा वाटा धरला होता, दुसऱ्याने कमी धरला होता. वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एवढंच.

नव्या इमारतीतलं नमुन्याचं घर सजवलेलं होतं आणि तिथे झोपायची खोली ऐसपैस वाटली होती. प्रत्यक्ष घेतलं जाणारं घर रिकामं होतं. तिथे आम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, पलंगाच्या मापाची: सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब. खोली होती दहा बाय साडेनऊ. पलंगाच्या पायथ्याशी तीन फूट उरले. तिथेच कपाट बसवायचं होतं, त्याची खोली दोन फूट. राहिला एक फूट. भाची त्या एका फुटात उभी राहिली आणि कपाटाचं दार उघडल्यासारखा हात केला. हात पलंगावर आला. कोणी काही बोललं नाही. नमुन्याच्या खोलीत पाहिलेला पलंग किती मोठा होता, ते मग परत जाऊन मोजलं. तो सव्वापाच फूट लांब होता.

नऊ फेऱ्या

मग फेऱ्या सुरू झाल्या. नियम साधा: तिन्ही घरं, प्रत्येक घर तीन वेळा, कामाच्याच दिवशी. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री साडेनऊ. आणि प्रत्येक वेळी घरांचा क्रम बदलायचा, कारण तिसऱ्या घरापर्यंत पाय दुखू लागतात आणि दुखऱ्या पायांचा राग त्या घरावर निघतो. मालकांना संकोच वाटेल असं भाचीला वाटत होतं. खरं तर तिघांनीही चहूबाजूंनी मोकळेपणाने पाहू दिलं.

सोबत एक दहा लिटरची बादली, फोन, टॉर्च आणि एक नाणं.

बादली न्हाणीघरातल्या नळाखाली ठेवायची, बाकीचे नळ बंद, हा नळ पूर्ण उघडा. जुन्या घरात ती ५५ सेकंदांत भरली. नव्यात १ मिनिट १० सेकंद. उजेडाच्या घरात १ मिनिट ५८ सेकंद. त्याचं कारण सरळ आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर १० मीटरला साधारण १ बार. जुनं घर पहिल्या मजल्यावर, टाकी त्याच्या नळापासून जवळजवळ १२ मीटर वर. उजेडाचं घर शेवटच्या मजल्यावर, टाकी जेमतेम तीन मीटर वर. डोक्यावर टाकी आहे म्हणजे पाणी भरपूर, असं मालक अगदी मनापासून सांगत होते. दाब मात्र तिथेच सगळ्यांत कमी होता.

त्याच घरात दुपारी चारला झोपायच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत हाताला तापलेली लागली. रात्री साडेनऊला परत गेलो, बाहेर वारा सुटला होता, आणि भिंत अजून कोमट होती. वीट आणि काँक्रीट दिवसभर उष्णता पितात आणि काही तासांनी आतल्या बाजूला सोडतात. ज्या वेळी झोपायचं त्याच वेळी. जावयांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सकाळी दहाच्या फेरीत हे कळायला मार्गच नव्हता.

टॉर्च भिंतीला अगदी लावून, प्रकाश आडवा सोडायचा. समोरून पाहिलं तर गुळगुळीत दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळं सांगते: फुगवटे, पोपडे, भरलेल्या भेगा. उजेडाच्या घराच्या छताला एका कोपऱ्यात हातभर लांबीचा ताजा पांढरा पट्टा होता. बाकी छताचा रंग जरा पिवळट, हा भाग नवा. तिथे स्टुलावर चढून नाण्याने ठोकलं. आजूबाजूला टणटण आवाज, त्या पट्ट्यात बद्द. गिलावा आतून सुटलेला. वर गच्ची. पाणी मुरत होतं आणि त्यावर रंग मारला होता.

जुन्या घराची गोष्ट वेगळी. चोवीस वर्षांची इमारत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक भेग होती, ती पाहून भाची घाबरली. मी तिला म्हटलं, भेग लांब आहे म्हणून घाबरू नकोस, रुंदी बघ. एक मिलिमीटरपेक्षा कमी होती, गिलाव्यातली, बाहेरच्या बाजूला तिचं नाव नाही. ती माझ्या मते चिंतेची नव्हती. चिंतेची होती ती खाली, गाड्या लावायच्या जागेत, जिकडे घर पाहायला आलेलं कोणी बघत नाही. एका खांबावर उभी भेग आणि तिच्या कडेने तांबूस ओघळ. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडतो. उभी भेग सळईच्या रेषेतच जाते.

इथे मी माझं मत द्यायचं टाळलं. मामा म्हणून माझा जीव त्यांच्यात आहे, आणि जीव अडकलेल्या माणसाने खांबाबद्दल निवाडा देऊ नये. बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, ज्याला घर विकलं जावं की नाही यात काहीच रस नव्हता. त्याने बाकीचे खांबही तपासले. दोष एका खांबापुरता होता, वरच्या पाइपाच्या गळतीमुळे. दुरुस्ती होण्यासारखी, आणि इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून करायची. त्यांच्या वाट्याला साधारण ३ येणार होते. वायरिंग आणि न्हाणीघराचे जुने पाइप बदलायला आणखी ५. म्हणजे ९२चं घर खरं तर १००चं. हा हिशेब आम्ही तक्त्यात लाल शाईने लिहिला. जुनं घर स्वस्त आहे, हा भ्रम आपणच करून घ्यायला नको होता.

रात्रीच्या फेरीत फोनवर आवाज मोजला. फोनचं मोजमाप काही प्रमाणित नसतं, पण तिन्हीकडे फोन तोच असल्यामुळे फरक विश्वासाचा. खिडक्या बंद करून झोपायच्या खोलीत: नवं ३१ डेसिबल, उजेडाचं ३३, जुनं ४२. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्री झोपायच्या खोलीत ३० ही मर्यादा सुचवली आहे, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जुन्या घराची ती खोली रस्त्यावर होती. मागच्या खोलीत मोजलं तर ३५. मागे झोपायचं आणि पुढे बैठक करायची, असं भाची तिथल्या तिथे म्हणाली. भिंत कुठे तापते ते बदलता येत नाही, झोपायचं कुठे ते बदलता येतं.

शेजाऱ्यांशीही बोललो. इथे प्रश्न कसा विचारतो त्यावर सगळं आहे. "पाणी कसं आहे हो?" याला जिन्यात भेटलेला माणूस "छान आहे" असंच म्हणतो. "शेवटचं पाणी कधी गेलं होतं?" असं विचारलं की तो थांबतो, आठवतो आणि खरं सांगतो. नव्या इमारतीत एका काकूंनी अगदी वार सांगितला: गेला मंगळवार.

उजेडाचा हिशेब

कागदपत्रांचं काम वकिलाकडे दिलं होतं. मालकी कोणाची, घरावर कोणाचं कर्ज आहे का, आणि मंजूर नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळतो का. नकाशा जुळेना, तो उजेडाच्या घराचा. ज्या काचेच्या खोलीतून सकाळचा सगळा उजेड येत होता, ती नकाशात उघडी गच्ची होती. नंतर, परवानगीशिवाय, बंद केलेली. ६४ चौरस फूट. ती वजा केली तर मघाचा ११६चा दर १२८ होतो. पण दर ही लहान बाब. ती खोली कधीही पाडायला सांगितली जाऊ शकते, आणि नऊ गुण त्या खोलीचेच होते.

भाचीला फार वाईट वाटलं. त्या काचेपाशी तिने मनातल्या मनात खुर्ची मांडली होती. मी तिला समजावायला गेलो नाही. पाहिलेलं घर मनातून काढायला वेळ लागतो, तो द्यावा.

दोन दिवसांनी आम्ही तक्ता पुन्हा घेऊन बसलो, आणि गुण द्यायचे नाहीत असं ठरवलं. बेरजेत एक मोठी फसवणूक असते: गळक्या छताचे दोन गुण सुंदर स्वयंपाकघराच्या नऊ गुणांनी भरून निघतात. प्रत्यक्षात स्वयंपाकघर कितीही सुंदर असलं तरी छत गळायचं थांबत नाही. म्हणून आधी 'हे असेल तर घर नकोच' अशी यादी केली. नकाशाबाहेरचं बांधकाम, मुरणारं पाणी, मालकीचा वाद. उजेडाचं घर तिथेच बाद झालं, गुणांपर्यंत पोचलंच नाही.

उरलेल्या दोघांसाठी मी त्यांना बेंजामिन फ्रँकलिनची पद्धत सांगितली. १७७२ साली शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी एका निर्णयाबद्दल सल्ला विचारला, तेव्हा फ्रँकलिन यांनी काय करावं ते सांगितलंच नाही, कसं ठरवावं ते पत्रातून कळवलं. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल कारणं, दुसरीकडे प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहायचं. मग दोन्हीकडची समान वजनाची कारणं समोरासमोर खोडायची. कधी इकडचं एक तिकडच्या दोनांइतकं भरतं, तर तिन्ही खोडायची. शेवटी काय उरतं ते पाहायचं. मला यातले तीन-चार दिवस सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. सोमवारी जड वाटलेलं कारण गुरुवारी हलकं वाटतं.

त्यांनी कागद फ्रिजवर लावला. जाता-येता दोघं लिहीत होते. चौथ्या दिवशी खोडाखोड केली. हवा, शेजार, स्वयंपाकघर, सगळं फिटलं. नव्या घराच्या बाजूने उरलं: कोरं घर, लिफ्ट, शांतता. विरुद्ध उरलं: लहान खोल्या आणि अंतर. अंतर भाचीने तोपर्यंत 'थोडं लांब' असं लिहिलं होतं. जाताना ३५ मिनिटं जास्त, येताना ३५. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर २८० तास. आठ तासांचे ३५ दिवस. तिने आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

"पण हप्त्यात फारसा फरक नाही," जावई म्हणाले. एजंटचंच वाक्य होतं. वर्षाला ९ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली, तर १०० कर्जामागे एकूण २१६ फेडावे लागतात. महिन्याच्या हप्त्यात किंमतीतला फरक विरघळून जातो, म्हणून तो कायम एकूण फेडीत बघावा. आणि याच कर्जात मुद्दलाचा पहिला अर्धा भाग फिटायला चौदा वर्षं लागतात. सुरुवातीचे हप्ते मुख्यतः व्याजच असतात. चार-पाच वर्षांनी घर विकून मोठं घेऊ, या त्यांच्या बेताला या आकड्याने धक्का बसला. घर निदान दहा-बारा वर्षं राहण्यासारखं हवं, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोललं गेलं. जी अट सगळ्यांत वर असायला हवी होती, ती सात महिने यादीत नव्हती.

दहा-बारा वर्षं म्हटल्यावर मोठ्या खोल्या आणि कमी अंतर यांचं वजन वाढलं. जुनं घर घ्यायचं ठरलं. इंजिनिअरचा अहवाल मालकांसमोर ठेवला, भांडण न करता. ९२चं ८९ झालं. दुसरी पार्टी, जी दुसऱ्याच दिवशी येणार होती, ती कुठल्याच घराला आली नाही.

त्यांना तिथे राहायला जाऊन सात महिने झाले. मागच्या खोलीत झोपतात. खांबाची दुरुस्ती झाली, मी स्वतः उभा राहून पाहिली. पहिल्या आठवड्यातच भाचीचा फोन आला होता. खाली तळमजल्यावर पाणी चढवायचा पंप आहे, तो पहाटे पाचला सुरू होतो आणि त्याची घरघर भिंतीतून थेट उशाशी येते.

"मामा, आपण पहाटे पाचला गेलोच नव्हतो रे."

नव्हतो. नऊ फेऱ्यांतली सगळ्यांत लवकरची आठची होती. पंप काँक्रीटवर थेट बोल्टने आवळलेला होता. इमारतीतल्या लोकांशी बोलून त्याच्याखाली जाड रबराचे तुकडे बसवले आणि भिंतीतून जाणारा पाइप जिथे भिंतीला टेकत होता तिथे रबराची पट्टी गुंडाळली. आता घरघर ऐकू येते, पण भिंतीतून नाही, खिडकीतून, आणि खिडकी लावली की येत नाही. माझ्या वहीत फेऱ्यांच्या वेळांमध्ये आता पहाटे पाच ही चौथी वेळ लिहिलेली आहे.